पाचशे वर्षांची बिझेन तलवार आणि तिचा साज

धागाकर्ता: ओकायामाकर

जपानातल्या बिझेन या जुन्या प्रांतातली (आता ओकायामाचा भाग) ही तलवार साधी आहे, हे आधीच सांगून टाकतो. संग्रहालयात काचेआड ठेवतात त्या पंगतीतली ती नव्हे. पातं दोन शाकूंच्या जरा वर, साधारण ६२ सेंटिमीटर. मुठीत बसणारा दांडा, ज्याला इथे नाकागो म्हणतात, तो आखूड, कारण ही एका हातानं चालवायची काताना. दांड्याच्या एका अंगाला कोरलंय 'बिशू ओसाफुने सुकेसादा' (म्हणजे बिझेन प्रांत, ओसाफुने गाव, लोहार सुकेसादा) आणि दुसऱ्या अंगाला एइशो काळातलं (१५०४ ते १५२१) एक वर्ष आणि 'आठव्या महिन्यातला दिवस'. त्या आठव्या महिन्यावर फार जाऊ नका. बिझेनचे लोहार तलवार कधीही घडवोत, महिना बहुतेक दुसरा नाहीतर आठवाच घालत. रिवाजच तसा.

मालक आमच्या अभ्यासगटातले एक निवृत्त आजोबा. बैठकीत ते ती हातात देतात आणि गप्प बसतात. आपण काय बघतोय ते ते बघत असतात. फोटो आंतरजालावर टाकायचे नाहीत एवढीच त्यांची अट, त्यामुळे या धाग्यात शब्दांवर भागवून घ्या.

ओसाफुने आता ओकायामा प्रांतातल्या सेतोउची शहरात मोडतं. मागच्या डोंगरांत लोहवाळू आणि कोळसा, माल वाहायला योशिइ नदी, जवळूनच पश्चिमेकडे जाणारा हमरस्ता. तलवारींचं गाव व्हायला एवढं पुरे. सुकेसादाच्या काळी सगळीकडे यादवी पेटलेली, मागणी अफाट, आणि या नावानं सही करणारे लोहार डझनांनी. फौजेसाठी घाऊक माल, बड्या गिऱ्हाइकासाठी खास माल, असे दोन सरळ कप्पे होते. खास तलवारीवर लोहार स्वतःचं वेगळं नावही घाली, उदाहरणार्थ 'योसोझाएमोन-नो-जो सुकेसादा'. आमच्या तलवारीवर तसं काही नाही, म्हणजे ही घाऊकातली. पुढे १५९० च्या सुमारास योशिइला महापूर आला आणि गावातल्या बहुतेक भट्ट्या वाहून गेल्या.

घाऊक म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण ही बघायला शिकल्यावर संग्रहालयातल्या तलवारी मला जरा तरी कळू लागल्या.

खोलीतले दिवे मालवून एकच उघडा बल्ब ठेवतात. आधी हात लांब करून तलवार उभी धरायची आणि फक्त आकार बघायचा. या काळातल्या कातानांचा बाक टोकाकडे जास्त असतो, कारण कमरेला धार वर ठेवून खोचलेली तलवार उपसता उपसताच वार करायचा असे. मग पातं बल्बच्या दिशेनं धरायचं. प्रतिबिंबाकडे बघायचं नाही, प्रतिबिंबाच्या कडेला बघायचं. तिथे हामोन उमटतो. मनगट केसभर हललं तर गायब.

हामोन म्हणजे धारेलगतची पांढुरकी नागमोडी पट्टी. ती वरून काढलेली नक्षी नाही. माती, कोळशाची पूड आणि दगडाची पूड कालवून पात्यावर लेप देतात, धारेकडे पातळ, पाठीकडे जाड. पातं लालबुंद करून पाण्यात घातलं की धार झटक्यात निवते आणि कडक होते. पाठ सावकाश निवते, ती चिवट राहते. दोन पोलादांच्या सीमेवर जे कण तयार होतात ते डोळ्यांना सुटे सुटे चमकताना दिसले तर त्याला निए म्हणतात, आणि इतके बारीक असले की नुसतं धुकं दिसावं, तर निओइ. बिझेनचं नाव निओइसाठी. आमच्या तलवारीच्या हामोनात ओळीनं उंचवटे आहेत आणि बऱ्याच उंचवट्यांचा माथा दुभंगलेला आहे. जाणकार याला 'खेकड्याच्या नांग्या' म्हणतात, सुकेसादा मंडळींची ती ओळखीची खूण. दोन ठिकाणी नांगी अर्धवट सुटलीय. मातीचा लेप देणारा हात तिथे घाईत असावा. मला अख्ख्या पात्यात तीच जागा सगळ्यात आवडते.

आता साज. पातं मुरोमाची काळातलं, साज एदो काळाच्या उत्तरार्धातला, मधे तीनेकशे वर्षं. हे नेहमीचंच. पाती टिकतात, मूठ, म्यान झिजतं, फॅशन बदलते, मालक बदलतो, की पात्याला नवे कपडे. एकटी त्सुबा (मूठ आणि पातं यांच्यामधली चकती) बाकीच्या साजापेक्षा जुनी दिसते. लोखंडी, गोल, आरपार कापलेली, सोन्याचा ठिपकासुद्धा नाही. तिच्या कडेवर बोट फिरवलं की लोखंडातले कडक भाग बारीक उंचवट्यांसारखे लागतात. त्यांना इथे 'लोखंडाची हाडं' म्हणतात आणि शौकीन लोक आधी तीच चाचपतात.

मुठीच्या दोन टोकांच्या टोप्या, फुची आणि काशिरा, शाकुदोच्या आहेत. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडंसं, शंभरात तीन ते पाच भाग, सोनं. धातू म्हणून तो तांबूसच दिसतो. पण मुळ्याच्या रसात बुडवून, मग तांब्याच्या क्षारांच्या पाण्यात उकळला की त्यावर निळसर झाक असलेला काळा रंग चढतो. तो रंग लावलेला नसतो, धातूचीच कातडी तशी होते. त्यावर समुद्राच्या लाटा आणि उडणारे सोनेरी चिदोरी पक्षी. मुठीच्या दोऱ्याखाली दोन्ही बाजूंना बसवलेल्या मेनुकीत मात्र खेकडे! मला वाटतं, ज्यानं हा साज करवून घेतला त्यानं आधी हामोन नीट पाहिला होता. आजोबांना विचारलं तर हसतात, हो-नाही काही म्हणत नाहीत.

म्यान होओ नावाच्या हलक्या लाकडाचं, वर काळी लाख. लाकूड उभं चिरून, आतून कोरून, दोन फाळी भाताच्या खळीनं चिकटवतात. मुद्दाम कच्ची खळ, म्हणजे आत गंज धरला तर म्यान पुन्हा उघडता यावं. पात्याच्या बुडाशी हाबाकी ही धातूची पट्टी म्यानाच्या तोंडात घट्ट बसते, त्यामुळे पातं आत जवळजवळ अधांतरी राहतं. आणि पातं मुठीत धरून ठेवायला काय? बांबूची एक खुंटी. बस.

एक शेवटचं. हाबाकीच्या वर पात्यावर एक अक्षर आणि त्याखाली दोन समांतर रेघा कोरल्यात. मूळ काम खोल असणार. आज ते अक्षर इतकं उथळ झालंय की तिरप्या उजेडातच सापडतं. पाचशे वर्षांत जेव्हा जेव्हा गंज काढला, धार लावली, तेव्हा तेव्हा थोडं पोलाद गेलं. नाकागोला दगड लागत नाही, म्हणून तो मूळच्या जाडीचा. त्याच्या लगेच वरचं पातं बोटानं मोजण्याइतकं बारीक. त्यामुळे जुनी तलवार बघताना लोहारानं काय केलं याच्या बरोबरीनं, नंतरच्यांनी किती हात आवरला हेही बघायचं असतं. माझ्या मते तेच आधी.

---

खटपट्या_सातारकर

फोटो नाही म्हणून चिडलो होतो, पण वाचून काढला. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

नीलांबरी_डों

सुंदर लिहिलंय दादा. एक भाबडा प्रश्न: ते पोलादाला लाख-लाख घड्या घालतात म्हणे, खरं का? आमच्या ऑफिसातला एक जण छातीठोकपणे सांगतो.

---

भट्टीवाला

नीलांबरीताई, ऑफिसातल्या गृहस्थांना कागद-पेन्सिल द्या. एकदा घडी घातली की थर दुप्पट. पंधरा वेळा घातली की ३२,७६८ थर. घड्या साधारण दहा ते पंधरा, थर हजारांत. लाख घड्या घातल्या तर हातात काही उरणार नाही, कारण दर तापवणीला लोखंड जळून पापुद्रे पडतात.

घडी का घालायची, तर माल मुळात ओबडधोबड असतो म्हणून. तातारा नावाच्या मातीच्या भट्टीत लोहवाळू आणि कोळसा थरावर थर टाकत जातात. शिमाने प्रांतात ओकुइझुमोला १९७७ पासून ही भट्टी पुन्हा हिवाळ्यात पेटते. तीन दिवस, तीन रात्री. सुमारे १० टन वाळू आणि १२ टन कोळसा खाऊन अडीच टनांची ढेप निघते, आणि तिच्यातलं तलवारीच्या लायकीचं पोलाद, म्हणजे तामाहागाने, फार तर टनभर. त्या ढेपेत एका जागी कार्बन जास्त, दुसऱ्या जागी कमी, मधे मळी. ठोकून घडी घालत गेलं की मळी पिळून निघते आणि कार्बन सगळीकडे सारखा होतो, थोडा कमीही होतो. आज आम्ही कोल्हापुरात फाउंड्रीत चांगलं पोलाद सरळ मागवतो, आम्हाला ही यातायात करायचं कारण नाही.

बाय-प्रॉडक्ट म्हणून पात्याच्या अंगावर लाकडाच्या रेषांसारखी जी पोत दिसते ती हादा. धागाकर्त्यानं तिच्यावर एक ओळ लिहिली नाही, निषेध!

---

ओकायामाकर

निषेध मंजूर. या तलवारीची हादा फार बारीक, दाट आहे. नवख्याला सपाट पोलादच वाटेल. जुन्या बिझेन पात्यांवर हामोनच्या वर उत्सुरी म्हणून एक सावलीसारखी झाक दिसते, तीही हिच्यात नाही. ती बघायची तर त्याच सेतोउचीत सान्चोमो आहे: तेराव्या शतकातली, फुकुओका इचिमोंजी या लोहार घराण्यानं घडवलेली ताची (धार खाली ठेवून कमरेला लटकवायची तलवार), राष्ट्रीय ठेवा, एकेकाळी उएसुगी या सरदार घराण्याकडची. २०२० मध्ये या छोट्या शहरानं वर्गणी आणि देणग्या गोळा करून सुमारे ५० कोटी येनना ती विकत घेतली, 'गावात घडलेली गावात परत' म्हणून. तिच्या हामोनचं वर्णन मी करणार नाही, पेटलेल्या डोंगररांगेची उपमा लोकांनी आधीच देऊन ठेवलीय.

---

तळ्यात_मळ्यात

छान. पण आपल्या मराठा तलवारींवर असं कोणी लिहीत नाही. जपान्यांचं सगळं गोड. पाश्चात्त्यांनी डोक्यावर घेतलं की आपणही घेतो.

---

गडवाट_जुनी

@तळ्यात_मळ्यात, लिहा की मग, वाट बघतोय.

पण चिडण्यासारखं काही नाही यात. उलट 'पातं एकीकडचं, साज दुसरीकडचा' हे वाचून मला आपली फिरंगच आठवली. युरोपातून आलेलं सरळ, लांब पातं आणि त्यावर आपल्याकडच्या कारागिरानं चढवलेली मूठ. तिथेही पात्याचं आयुष्य निराळं, मुठीचं निराळं. फरक एवढाच की आपण मूठ उतरवून आतला दांडा बघायची सवय लावून घेतली नाही. आपल्या मुठी राळ आणि लाख ओतून पक्क्या केलेल्या असतात, उतरवायच्या तर तापवाव्या लागतात. जपानी तलवारीची बांबूची खुंटी ढकलली की सगळं सुटं. त्यामुळे तिथे सही, साल, गंजाचा रंग हे सगळं पुरावा म्हणून जमत गेलं आणि अभ्यास उभा राहिला. जोडणीच्या पद्धतीमुळे अख्खी विद्या बदलते, हे मला तरी फार रोचक वाटतं.

अवांतर: शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) तोकुगावा इएयासूच्या पदरी असलेला एचिझेनचा यासुत्सुगु नावाचा लोहार आपल्या तलवारींवर 'नानबान तेत्सु वापरून' असं अभिमानानं कोरत असे. नानबान तेत्सु म्हणजे परदेशी जहाजांतून आलेलं लोखंड. त्यातलं काही भारताच्या किनाऱ्यावरून गेलेलं आपलं पोलाद असावं, असा काही अभ्यासकांचा कयास आहे. कयासच, उगाच व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

---

शुभदा_ठा

माहेरी तीन पिढ्या सोनारकाम, म्हणून साजाबद्दल विचारते. त्या टोप्यांची जमीन, म्हणजे लाटांच्या मागचा भाग, सपाट आहे का दाणेदार?

---

ओकायामाकर

शुभदाताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. दाणेदार. त्याला नानाको म्हणतात, माशाच्या अंड्यांसारखी जमीन. टोकाला वाटीसारखी खोलगट असलेली छिन्नी आणि हातोडी. एका ठोक्याला एक दाणा, दाण्याला लागून दाणा, ओळीला लागून ओळ. दाणे मिलिमीटरपेक्षा लहान. फुची वळणदार असल्यानं ओळीही वळवाव्या लागतात, आणि भिंगाखाली कुठे ओळ तुटलीय का ते मी शोधत बसलो होतो. नुसतं नानाको करणारे वेगळे कारागीर असत. लाटा-पक्षी कोरणारा वेगळा.

या कामात शतकानुशतकं दबदबा गोतो घराण्याचा. मूळ पुरुष गोतो यूजो (१४४० ते १५१२), आशिकागा शोगुनच्या पदरी. त्याच्यापासून सतरा पिढ्या. शाकुदो, नानाको, वर सोन्याचे ड्रॅगन आणि सिंह, सगळं दरबारी शिस्तीत. एदो काळात योकोया सोमिन (१६७० ते १७३३) या कारागिरानं ती दरबारी चाकरी सोडली आणि शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी कामं घेऊ लागला. त्याची छिन्नी तिरकी धरून एका दमात कापलेली रेघ बघा, कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखी एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ. धातूवर! आमच्या फुचीवर सही नाही. गोतोच्या शिस्तीतली, पण गोतोची नव्हे, असं आजोबांचं मत आणि मला ते पटतं. लाटा जरा जास्तच खेळकर आहेत.

---

शुभदा_ठा

एका ठोक्याला एक दाणा हे वाचूनच मनगट दुखलं. आमच्याकडे वडील ओळ चुकली की तुकडा वितळवायचे. यांना शाकुदोत ती सोय असेल, पण अर्धी फुची झाल्यावर वितळवायला काळीज पाहिजे.

आणि सोनं बसवायची पद्धत? लोखंडावर आडव्या-उभ्या बारीक रेघा मारून त्यात सोन्याची तार ठोकायची, आपल्याकडची कोफ्तगारी, तसं काही?

---

ओकायामाकर

हुबेहूब. इथे त्याला नुनोमे झोगान म्हणतात, कापडाच्या विणीसारख्या रेघा मारतात म्हणून. तंत्र तेच. त्याशिवाय दुसरी, जास्त कष्टाची पद्धत: खाच कोरायची, खाचेच्या कडा आतून रुंद करायच्या, आणि सोनं ठोकून आत अडकवायचं. कोफ्तगारीसारखं केलेलं काम घासून घासून उडतं, हे दुसरं उडत नाही.

१८७६ मध्ये सरकारनं कमरेला तलवार बांधायला बंदी केली तेव्हा या मंडळींचं पोट एका फटक्यात गेलं. कानो नात्सुओ (१८२८ ते १८९८) हा त्यातला शेवटचा फार मोठा माणूस. त्याच्याकडून मेइजी सरकारनं नव्या नाण्यांच्या ठशांचं काम करून घेतलं, पुढे तो तोक्योच्या कलाशाळेत शिकवायलाही होता. बाकीच्यांनी फुलदाण्या, सिगारेटच्या डब्या केल्या आणि त्या युरोपात विकल्या गेल्या.

---

आनंदीबाग

मला एका गोष्टीनं छळलंय. पात्यावरचं ते अक्षर कुठलं? चिनी-जपानी का?

---

ओकायामाकर

नाही, आपल्याकडचं. सिद्धम लिपी, देवनागरीची चुलतबहीण म्हणा. बौद्ध भिक्षू कूकाई ८०६ मध्ये चीनहून परतला तेव्हा मंत्र आणि ही लिपी दोन्ही घेऊन आला, आणि शिंगोन पंथात ती आजही चालते. भारतात मागमूस नाही, इथे देवळात पाटीवर. तलवारीवरचं अक्षर अचलनाथाचं बीज आहे, म्हणजे 'हां'. जपानी जिभेवर ते 'कान' होतं. अचल हा हातात तलवार आणि पाश घेतलेला, ज्वाळांत बसलेला देव, योद्ध्यांना अर्थातच जवळचा. त्याच्याच तलवारीला विळखा घातलेला ड्रॅगन खूप पात्यांवर कोरलेला दिसतो. अक्षराखालच्या दोन समांतर रेघा म्हणजे होमातले चिमटे. हो, आपलाच होम, इथे 'गोमा'.

पहिल्यांदा ते अक्षर दिसलं तेव्हा गटातल्या मंडळींनी माझ्याकडे बघितलं, हा भारतीय माणूस वाचेल म्हणून. अनुस्वार तेवढा ओळखता आला!

---

फौजीची_नात

नमस्कार. इतके दिवस वाचनमात्र होते. आमच्या घरी माळ्यावर अशीच एक तलवार आहे. आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते, शरणागतीनंतर मिळाली असं आजी सांगायची. म्यानावर चामडं आहे, मुठीला दोरा, पात्यावर गंजाचे डाग. मुठीला एक कापडी पट्टी बांधलीय, त्यावर शाईनं काहीतरी चिनी लिहिलंय. चुलतभाऊ म्हणतो बाजारात धार लावणारा चकाचक करून देईल, दिवाळीआधी दिवाणखान्यात लावू. देऊ का?

---

भट्टीवाला

नको नको नको.

---

शुभदा_ठा

चुलतभावाला आधी माळ्यावरून खाली उतरवा.

---

ओकायामाकर

ताई, कृपया नको. ग्राइंडरचं चाक लागलं की पात्याच्या कडा गोल होतात, हामोन जातो, आणि उष्णतेनं कडक धार मऊ पडते. हे उलटं फिरवता येत नाही. इथला पॉलिश करणारा, तोगिशी, पाण्यावर हातानं काम करतो. खरखरीत दगडापासून सुरुवात करून शेवटी क्योतोच्या दगडाचे कागदासारखे पातळ तुकडे अंगठ्याखाली धरून, मग लोह-ऑक्साइडची पूड मिसळलेलं तेल, मग पाठीचा भाग पोलादी सळीनं घोटून. आठवडेच्या आठवडे जातात. आणि तोही आधी विचारतो, खरंच गरज आहे का?

आता ओळख. माउंटबॅटननं आग्नेय आशियात जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी प्रत्यक्ष सोपवल्याच पाहिजेत असा आग्रह धरला होता, त्यामुळे भारतीय फौजेतल्या बऱ्याच घरांत त्या आल्या. पात्यावरच सिरियल नंबर ठोकलेला असेल आणि मूठ धातूची ओतीव, वर दोऱ्याचा आकार रंगवलेला असेल, तर ती हवालदार-नाईक दर्जाची कारखान्यातली. तुमच्या मुठीला खरा दोरा आहे म्हणजे अधिकाऱ्याची असावी. त्यातही बहुतेक पाती युद्धकाळात तेलात निववलेली, दांड्यावर छोटा शिक्का असलेली. पण काही अधिकाऱ्यांनी घरातलं जुनं पातं लष्करी साजात घालून नेलं होतं. ते कळायला दांडा बघावा लागेल.

दांड्यावरच्या गंजाला हात लावू नका, कितीही घाण वाटला तरी. त्याच्या रंगावरून वय कळतं आणि तो घासला की तलवारीची किंमत निम्मी होते, असं म्हणणारे लोक मी बघितलेत.

कापडी पट्टी जपा! बहुधा सोपवताना मालकानं स्वतःचं नाव-पत्ता लिहिलेला असतो. अशा पट्ट्यांवरून तलवारी मूळ घराण्यांकडे परत गेल्यात. घराण्याचं सोडा, कुनिमुने या लोहाराची एक राष्ट्रीय ठेवा असलेली ताची कागोशिमाच्या तेरुकुनी देवळातून युद्धानंतर नाहीशी झाली होती, ती वॉल्टर कॉम्प्टन या अमेरिकन संग्राहकाला त्याच्या देशात सापडली आणि १९६३ मध्ये त्यानं ती देवळाला परत दिली, फुकट. उलट होंजो मासामुने, तोकुगावा घराण्याची सगळ्यात नावाजलेली तलवार, १९४५ च्या डिसेंबरात तोक्योच्या पोलीस ठाण्यात जमा केली ती आजतागायत दिसलेली नाही.

---

तळ्यात_मळ्यात

आणि शस्त्र कायद्याचं बघा हो आधी. दिवाणखान्यात लावायची घाई करू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

---

फौजीची_नात

बापरे. चुलतभावाला धागा पाठवलाय. कायद्याचं बाबा विचारून येतील.

पट्टीचा फोटो ओकायामाकर दादांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मुठीला खुंट्या दोन आहेत, बांबूच्या नाहीत, त्यातली एक स्क्रूसारखी. बाबांनी हातोडी काढली होती, मी काढून घेतली.

---

ओकायामाकर

हातोडी काढून घेतलीत हे उत्तम. स्क्रू असेल तर तो लष्करी साजच. गंजलेला असला तर जबरदस्ती नको, नाहीतर मूठ चिरेल आणि आतली पाकटाची कातडी तुटेल. पट्टी वाचली. आडनाव आणि प्रांत स्पष्ट आहेत, नाव पुसट. व्यनिमध्ये सविस्तर लिहितो, इथे नको.

तलवार उपसताना एक काळजी. म्यान मुठीत धरताना बोटं धारेच्या बाजूला येऊ देऊ नका. म्यान दोन फाळींचं असतं, जुनी खळ सुटली असली तर पातं सांध्यातून बाहेर येतं आणि बोटं जातात. म्यान पाठीच्या बाजूनं धरा, धार वर, हळू. पात्यावर बोलू नका, थुंकीच्या थेंबानंही डाग पडतो. उघड्या पात्याला बोट लावायचं नाही, लागलंच तर लगेच मऊ सुती कापडानं पुसून तेलाचा अगदी पातळ हात. दांड्याला तेल थापायचं नाही.

---

फौजीची_नात

तेल कुठलं? इथे ते लवंगेचं जपानी तेल कुठे मिळणार?

---

ओकायामाकर

त्यात हल्ली बहुतेक साधं खनिज तेलच असतं, लवंग वासापुरती. शिलाई मशीनचं हलकं, बिनवासाचं तेल चालेल. खोबरेल नको, घट्ट होऊन चिकटतं. कापडावर दोन थेंब घ्या, पात्यावर ओतू नका. आणि पावसाळ्यात माळ्यावर ठेवू नका, कोरड्या कपाटात आडवी, धार वर.

---

भट्टीवाला

चामड्याच्या म्यानाखाली बहुतेक लाकूड असतं, त्यात ओल धरली असेल तर तलवार आत घालण्यापूर्वी म्यान सावलीत वाळवा. उन्हात नको, खळ सुटेल.